मोठ्या टायरांपूर्वी गिअरबॉक्सचा विचार

आपल्या ऑटोमॅटिक पिकअपला 30 इंचांऐवजी 33 इंच व्यासाचे टायर बसवण्यापूर्वी थोडे थांबावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे. व्यास दहा टक्क्यांनी वाढला, की अ‍ॅक्सलचे 3.73 हे गुणोत्तर (चाक एकदा फिरण्यासाठी गिअरबॉक्सकडून येणारा दांडा किती वेळा फिरतो, तो आकडा) प्रत्यक्षात 3.39 इतकेच उरते आणि स्पीडोमीटर 60 दाखवत असताना गाडी 66 च्या वेगाने धावत असते.

सपाट रस्त्यावर हे फारसे जाणवणार नाही. परंतु मे महिन्याच्या उकाड्यात हापूसच्या पेट्या भरून रत्नागिरीहून आंबा घाट चढू लागलात, की जोर कमी पडल्याने गिअरबॉक्स सतत गिअर बदलत राहतो, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाद्वारे गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग) लॉक न होता तेल घुसळत राहतो आणि ती सारी उष्णता त्या तेलातच साठते. तेलाला करपट वास येईपर्यंत आतील क्लच बहुधा झिजू लागलेले असतात. घाट उतरतानाही इंजिनाचा रोध कमी मिळतो, हे विसरू नये.

टायर बदलायचेच असतील, तर क्राउन-पिनियन (अ‍ॅक्सलमधील हे गुणोत्तर ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) 4.10 चे घ्यावे, म्हणजे प्रत्यक्षात पुन्हा 3.73 च मिळते. गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असल्यास पुढच्या आणि मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलना सारखेच. गिअरबॉक्सचे तेल थंड ठेवणारा वेगळा ऑइल कूलरही मी आग्रहाने सुचवेन.