टोकनांच्या टेबलावर बसण्याआधी

स्नॅप, म्हणजे अमेरिकेत कमी उत्पन्नवाल्यांना खाण्यापिण्यासाठी मिळणारी सरकारी मदत, शेतकरी बाजारात कशी घ्यायची हे विक्रेत्यांना शिकवताना पहिल्याच शनिवारी सगळ्यांच्या हातात नियमावली देऊ नकोस, कुणी वाचत नाही. त्यापेक्षा प्रत्येक विक्रेत्याला एकदा गिऱ्हाईक बनव. मिशिगनमधल्या आमच्या बाजारात मी तेच करतो. ईबीटी कार्ड (स्नॅपचे पैसे यावरच जमा होतात) स्वाइप केलं की दहा डॉलरची स्नॅपची टोकनं, वर तेवढीच डबल अपची, म्हणजे स्नॅपवाल्यांना मिळणाऱ्या जोड-रकमेची. गोंधळ इथूनच सुरू होतो. स्नॅपवर ब्रेड, अंडी, मध, अगदी टोमॅटोचं रोपही चालतं. डबल अपवर फक्त फळं-भाज्या. गरमागरम खाणं कशावरच नाही. आमच्या मधवाल्याने एकदा सकाळभर डबल अपची टोकनं घेतली. चूक माझी, मी त्याला सांगितलंच नव्हतं.

स्नॅपच्या टोकनांवर सुटे परत द्यायचे नाहीत. पालक साडेतीन डॉलरला आणि टोकनं चार डॉलरची? मग वर दोन मिरच्या टाका म्हणावं.

बाजाराऐवजी किराणा दुकानात शिकवायचं तर मात्र वेगळी डोकेदुखी: कॅशियर टिकत नाहीत. म्हणून शिफ्टच्या सुपरवायझरला पक्कं शिकव. आणि ‘फूड स्टॅम्पवाले (स्नॅपचंच जुनं नाव) इकडे या’ असं ओरडणं, वेगळी रांग लावणं अजिबात नको. नियमातच बसत नाही. पिनही गिऱ्हाइकानेच दाबायचा, आजीबाईंनी कितीही आग्रहाने सांगितला तरी.