मॅनेजरला कंटाळून जर्मनीला यायचं असेल, तर ऑनसाइटने येऊ नका

तुमचा प्रश्न असा की, हिंजवडीतल्या कंपनीत मॅनेजरने जीव नकोसा केलाय. रजा मागितली की तो अप्रेझलचा विषय काढतो, रात्री अकराला कॉल लावतो. अशा वेळी त्याच कंपनीतून म्युनिकची ऑनसाइट संधी (म्हणजे कंपनीच तिकडच्या क्लायंटकडे पाठवते ती) घ्यावी, की जर्मनीतली नोकरी शोधून ब्लू कार्डवर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी लोकांना मिळणाऱ्या नोकरीच्या परवान्यावर यावं? मी पुण्यातूनच इकडे आलोय आणि ऑनसाइटवर आलेली बरीच माणसं जवळून पाहिली आहेत. ऑनसाइट घेऊ नका.

ऑनसाइटमध्ये माणूस म्युनिकला येतो, पण त्याचं रिपोर्टिंग पुण्यातच राहतं. अप्रेझल तोच मॅनेजर लिहितो. पुण्यात सकाळचे दहा वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात साडेसहा आणि हिवाळ्यात साडेपाच वाजलेले असतात. माझ्या ओळखीचा एक जण बायकामुलं उठू नयेत म्हणून जॅकेट चढवून, लॅपटॉप घेऊन बाल्कनीत बसायचा. तिथे पुण्याचा स्टेटस कॉल संपवायचा आणि मग क्लायंटकडे पूर्ण दिवस भरायचा. शिवाय कंपनीअंतर्गत बदलीचा परवाना त्या बदलीपुरताच असतो. ‘प्रोजेक्ट संपलं, परत ये’ असं वरून आलं, की मुलांची शाळा नुकती सुरू झालेली असली तरी सामान बांधावं लागतं. ज्या माणसापासून सुटायचंय, त्याच्या हातात तुमचं घरदारही जातं.

थेट नोकरीत तसं होत नाही. ब्लू कार्डसाठी पगाराची अट असते. २०२५ मध्ये ती वर्षाला ४८,३०० युरो होती, आयटीसारख्या टंचाईच्या क्षेत्रांत सुमारे ४३,७६० युरो. आकडा दरवर्षी बदलतो. पहिल्या १२ महिन्यांत कंपनी बदलली तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, पण बदलता येते.

वाईट मॅनेजर इथेही आहेत, पळसाला पानं तीनच. फरक कायद्याचा आहे. दिवसाला ८ तास, फार तर १०, आणि आजचं काम संपल्यापासून उद्याचं सुरू होईपर्यंत सलग ११ तास विश्रांती. आजारी पडलात तर कंपनी ६ आठवड्यांपर्यंत पूर्ण पगार देते. बऱ्याच कंपन्यांत कामगारांनी निवडून दिलेली समिती असते, तिला बेट्रिब्सराट म्हणतात. मुलाखतीत ती आहे का, हे जरूर विचारा. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

पण हे संरक्षण पहिल्या दिवसापासून पूर्ण मिळत नाही, आणि नेमकं हेच एजंट सांगत नाहीत. प्रोबेशन बहुधा ६ महिन्यांचं असतं. त्या काळात २ आठवड्यांच्या नोटीसवर काढता येतं आणि नोकरीवरून काढण्याविरुद्धचा कायदा तेव्हा लागू नसतो. बेरोजगार भत्त्यासाठी साधारण १२ महिने विमा भरलेला असावा लागतो, म्हणजे नव्याने आलेल्याला तो मिळत नाही. म्हणून काही महिन्यांचा खर्च गाठीशी ठेवूनच विमान पकडा.

आणि तुमच्या मजकुरावरून तुम्ही फार थकलेले वाटता. त्या अवस्थेत परका देश, परकी भाषा आणि प्रोबेशन एकदम अंगावर घेतलं, तर आगीतून फुफाट्यात पडाल. जमत असेल तर आधी पुण्यातच नोकरी बदला. खराडी, बाणेर, मगरपट्टा, कुठेही, पण बरी टीम बघून. झोप सुधारू द्या आणि मग अर्ज करा. ९० दिवसांच्या नोटीसची धास्ती नको. तीन महिन्यांची नोटीस इथेही सर्रास असते, कंपन्या थांबतात.

राजीनामा देताना भांडू नका आणि न सांगता निघून तर अजिबात जाऊ नका. रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचं पत्र, सॅलरी स्लिप, फॉर्म १६ आणि पीएफची नोंद हातात घ्या. तुमची पदवी आणि विद्यापीठ जर्मनीत मान्य आहे का, हे अनाबिन या जर्मन वेबसाइटवर आजच तपासा. बोट क्लब रोडला मॅक्समुल्लर भवनात जर्मन सुरू करा. ब्लू कार्डवर जर्मनची बी१ (मध्यम) पातळी असेल तर कायमच्या वास्तव्यासाठी २१ महिन्यांनी अर्ज करता येतो, ए१ (अगदी प्राथमिक) असेल तर २७ महिन्यांनी.

ऑफर आली की त्यातला प्रोबेशन, नोटीस आणि ओव्हरटाइमचा भाग मला पाठवा. ‘ओव्हरटाइम पगारातच धरला आहे’ असं मोघम वाक्य त्यात असेल तर सही करण्याआधी आपण बोलू.