शंका-समाधान : डेबियन १२ तसेच ठेवून नवे जिंप कसे घ्यावे?

(डेबियन ही लिनक्सवर आधारित संगणक प्रणाली, जिंप हा फोटो सुधारण्याचा प्रोग्राम. आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत, टाइप इंग्रजीतच कराव्यात.)

प्रश्न : दारव्हा तालुक्यात आमचे झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचे दुकान आहे. दोन संगणक, चार जीबी रॅम, डेबियन १२. मशीन कधी अडत नाही, पण जिंप २.१० आणि लिबरऑफिस ७.४ वरच थांबले आहे. ओळखीचा मुलगा म्हणतो, सोर्सेस डॉट लिस्टमध्ये (प्रोग्राम कुठून घ्यायचे ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) 'टेस्टिंग'ची ओळ टाका, सगळे नवे मिळेल. टाकू का?

उत्तर : टाकू नका. ती ओळ टाकली की ॲप्टच्या (डेबियनमध्ये प्रोग्राम बसवणाऱ्या साधनाच्या) लेखी बुकवर्म (म्हणजे डेबियन १२) आणि टेस्टिंग (पुढच्या आवृत्तीची चाचणी शाखा) दोन्ही सारखेच, दोघांचाही प्राधान्यक्रम ५००. मग ज्याचा आवृत्ती क्रमांक मोठा तो जिंकतो आणि साध्या अपग्रेडलाही शेकडो पॅकेजेस टेस्टिंगची येऊ लागतात. एकटे जिंप घ्यायचे म्हटले तरी ते बुकवर्मच्या ग्लिबसी २.३६ पेक्षा नवी ग्लिबसी (सगळ्या प्रोग्रामना लागणारी पायाभूत लायब्ररी) मागते, आणि तिच्यावर तर सगळी प्रणाली उभी. त्या दिवशी सगळे छान चालते. रडारड पुढच्या एखाद्या अपडेटला सुरू होते. ग्लिबसी मागे नेण्याची सोय डेबियन देत नाही.

ओळ आधीच टाकून झाली असेल तर ती काढा, ॲप्ट अपडेट चालवा आणि 'डीपीकेजी -एल लिबसी६' ने आवृत्ती पाहा. २.३६ च दिसली तर मोठा धोका टळला. त्याहून वरची दिसली तर होम फोल्डरची नक्कल काढून नव्याने इन्स्टॉल करणे, हाच कमी त्रासाचा मार्ग.

जिंप ३ साठी फ्लॅटपॅक वापरा. त्याच्या लायब्ररी त्याच्यासोबतच येतात, त्यामुळे ग्लिबसीला हात लागत नाही. 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल फ्लॅटपॅक' करा, फ्लॅटहब (फ्लॅटपॅक प्रोग्रामचे ऑनलाइन भांडार) जोडा आणि जिंप घ्या. पहिल्या वेळी ग्नोमचा रनटाइमही (प्रोग्राम चालायला लागणाऱ्या लायब्ररींचा संच) उतरतो, दोन्ही मिळून साधारण एक जीबी धरा. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल तर हे काम दुकान बंद झाल्यावर करा. रूट पार्टिशन (डिस्कचा प्रणाली असलेला भाग) वीस-पंचवीस जीबीचेच असेल तर फ्लॅटहब जोडताना आणि इन्स्टॉल करताना '--युजर' लावा, म्हणजे सगळे होममध्ये बसेल. रूट भरले की ॲप्ट अर्ध्यात अडकते, आणि हे फार दुकानांत होते. ग्नोमचा रनटाइम सुमारे वर्षभरच सांभाळला जातो. नवा आला की जुना पडून राहतो. तो 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल --अनयूज्ड' ने काढा.

जुने जिंप काढू नका. दोन्ही शेजारी शेजारी चालतात, सेटिंग्ज वेगळ्या राहतात. ४ बाय ६ च्या कागदावर ३५ बाय ४५ मिमीचे फोटो मांडणारी जुनी पायथन स्क्रिप्ट असेल तर ती जिंप ३ मध्ये चालणार नाही. तिथे पायथन ३ लागते.

लिबरऑफिससाठी बुकवर्म-बॅकपोर्ट्स (डेबियन १२ साठी बांधलेल्या नव्या आवृत्त्यांचे भांडार) बरे. त्याचा प्राधान्यक्रम १००, म्हणून न मागता काही येत नाही: 'ॲप्ट इन्स्टॉल -टी बुकवर्म-बॅकपोर्ट्स लिबरऑफिस'. मराठी मेनू असतील तर त्याच ओळीत 'लिबरऑफिस-एल१०एन-एमआर' लिहा, नाहीतर आवृत्ती जुळत नाही. वाय दाबण्याआधी 'रिमूव्ह्ड'खालची यादी वाचा. तिथे डेस्कटॉपचे नाव दिसले तर एन दाबा.

ब्राउझर मात्र फ्लॅटपॅकचा घेऊ नका. डेबियनच्या फायरफॉक्स ईएसआरला सुरक्षा अपडेट वेळेवर येतात, आणि डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर फ्लॅटपॅकच्या आतून दिसत नाही.

खरे तर दोन्ही प्रोग्राम नवेच हवे असतील तर डेबियन १३ वर जाणे जास्त स्वच्छ: ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या त्या आवृत्तीत जिंप ३.० आणि लिबरऑफिस २५.२ आहे. पण पीक विम्याच्या गर्दीत नव्हे. एक मशीन आधी चढवा, प्रिंटर आणि टोकन दोन आठवडे चालवून पाहा, मग दुसरे. सोर्सेस डॉट लिस्टमध्ये 'स्टेबल' असा शब्द असेल तर तो आजच 'बुकवर्म' करा, म्हणजे कधी जायचे ते तुमच्या हाती राहील.

प्रश्न : धानोरा तालुक्यातील शाळा. सहा संगणक, इंटरनेट एका मोबाइलचे. अपडेट चालू असताना लाइन गेली, आता एक मशीन नवीन काही इन्स्टॉलच करत नाही.

उत्तर : 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए', त्यानंतर 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. बहुतेक वेळा एवढ्याने सुटते. पुढे 'ॲप्ट -डी अपग्रेड' ने फाइल्स नुसत्या उतरवून ठेवा आणि इन्व्हर्टरवर असताना इन्स्टॉल करा. त्या वेळी नेट लागत नाही. एका संगणकावर ॲप्ट-कॅशर-एनजी (उतरलेली पॅकेजेस साठवून इतरांना देणारा प्रोग्राम) बसवून बाकी पाचांना त्याच्या ३१४२ पोर्टवर वळवा. मग प्रत्येक पॅकेज मोबाइलवरून एकदाच उतरेल.

प्रश्न : जुन्या ३२ बिट मशीनवर डेबियन १३ बसेल का?

उत्तर : नाही, १३ मध्ये ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलरच नाही. पण आधी 'एलएससीपीयू' चालवा. ऑप-मोडच्या ओळीत ६४ बिट दिसले तर मशीन ६४ बिटचे आहे, प्रणालीच तेवढी ३२ बिट टाकलेली आहे. नव्याने ६४ बिट टाका. नाहीतर १२ वरच राहा, त्याला दीर्घ मुदतीचा आधार जून २०२८ पर्यंत आहे. फ्लॅटहबवर ३२ बिटसाठी प्रोग्राम मिळत नाहीत.