'ऑल मेन': सर्व पुरुष की सर्व माणसे?

अमेरिकेच्या १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातील 'ऑल मेन आर क्रिएटेड ईक्वल' (सर्व 'मेन' समान निर्माण झाले आहेत) या वाक्याचा मराठी अनुवाद करताना 'मेन'साठी 'पुरुष', किंबहुना 'गोरे पुरुष' असे लिहिणेच प्रामाणिकपणाचे ठरेल का, अशी विचारणा झाली आहे. कारण स्त्रिया, गुलाम आणि मूळ रहिवासी यांना ते हक्क मिळाले नव्हते. माझ्या मते येथे 'सर्व माणसे' हाच अनुवाद योग्य आहे.

याचा भक्कम पुरावा जाहीरनाम्याचे मुख्य लेखक थॉमस जेफरसन यांच्या कच्च्या मसुद्यातच आहे. गुलामांच्या व्यापाराबद्दल इंग्लंडच्या राजाला दोष देताना, माणसांची खरेदी-विक्री होते असा बाजार राजाला चालू ठेवायचा आहे, असे त्यांनी लिहिले आणि आफ्रिकेतून पकडून आणलेल्यांसाठी 'मेन' हाच शब्द, तोही मोठ्या अक्षरांत, वापरला. वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेने, म्हणजे तेथील काँग्रेसने, तो परिच्छेद वगळला. साउथ कॅरोलायना आणि जॉर्जिया या वसाहतींच्या मर्जीखातर तो गेला, असे जेफरसन यांनी पुढे नमूद केले. शब्दाचा आवाका त्यांना पुरेपूर ठाऊक होता, आणि तरीही आयुष्यभरात ६०० हून अधिक माणसे त्यांच्या मालकीची होती. 'गोरे पुरुष' असे लिहिले की ही विसंगतीच पुसली जाते, आणि लिहिणारे जबाबदारीतून सुटतात. संकुचित अर्थ हवा असे तेव्हा तो उघडपणे लिहिला जाई: १७९० च्या नागरिकत्वाच्या कायद्यात 'स्वतंत्र गोरी व्यक्ती' अशी स्पष्ट अट आहे. ड्रेड स्कॉट या गुलामाने स्वातंत्र्यासाठी लढवलेल्या खटल्यात १८५७ मध्ये सरन्यायाधीश टॉनी यांनीही, हे शब्द सबंध मानवजातीला लागू वाटतात हे मान्य करूनच, आफ्रिकी वंशाचे लोक त्यांत अभिप्रेत नव्हते असा निष्कर्ष काढला. तो निष्कर्ष आपण अनुवादातच का पेरावा?

स्त्रियांविषयीची शंका अधिक रास्त आहे, कारण 'मेन'चे दोन्ही अर्थ तेव्हाही रूढ होते. पण हक्क जन्मजात मानल्यावर 'पुरुष' हा अर्थ युक्तिवादालाच तोकडा पडतो. त्याच जाहीरनाम्यात मूळ रहिवाशांना 'निर्दय रानटी' म्हटले आहे. तेही सौम्य करू नये.

१७८७ च्या संविधानात मात्र अडचण उलटी आहे. तेथे 'गुलाम' हा शब्दच नाही. प्रतिनिधींची संख्या ठरवताना 'इतर सर्व व्यक्तीं'चे, म्हणजे गुलामांचे, तीन-पंचमांश धरावेत, एवढेच म्हटले आहे. माणूस ही मालमत्ता असू शकते, ही कल्पना संविधानात मान्य करणे गैर आहे, असे जेम्स मॅडिसन यांनी संविधान परिषदेत म्हटले होते; गुलामगिरी मात्र कायम राहिली. अर्थ सुलभ व्हावा म्हणून तेथे 'गुलाम' लिहिण्याचा मोह टाळावा, 'इतर सर्व व्यक्ती' असेच ठेवून खुलासा तळटीपेत द्यावा, कारण तो शब्द न लिहिण्याचा निर्णय हा त्या मजकुराचाच भाग आहे.