जुने हॉलिवूडपट, नवे हॉलिवूडपट: वाचकांच्या शंका

प्रश्न: मोठा टीव्ही घेतल्यापासून जुने अमेरिकन सिनेमे रोजच्या मालिकांसारखे गुळगुळीत दिसतात. शिवाय काळ्या पट्ट्या कधी बाजूंना येतात, कधी वर-खाली. टीव्हीत बिघाड आहे का?

उत्तर: बिघाड नाही. गुळगुळीतपणा सेटिंगमुळे येतो. सिनेमात सेकंदाला २४ चित्रं असतात. बोलपट आले तेव्हा हा वेग पक्का झाला, कारण आवाज फिल्मच्या कडेवरच छापलेला असे आणि वेग जरा हलला की सूर बिघडे. आजचा टीव्ही सेकंदाला ६० किंवा १२० चित्रं दाखवतो आणि मधली चित्रं स्वतः तयार करून भरतो. ती भरती बंद करायची. पिक्चरच्या मेनूत ‘मोशन’ किंवा ‘स्मूद’ असे शब्द शोधा, कारण प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं असतं. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तोच निवडा. ‘नॉइज रिडक्शन’ही बंद ठेवा. फिल्मचे दाणे (चित्रातले बारीक ठिपके) म्हणजे खराबी असं समजून टीव्ही ते पुसतो आणि माणसांचे चेहरे मेणाचे होतात. शार्पनेस हळूहळू कमी करा. माणसांच्या कडेभोवतीची पांढरी रेघ गेली की थांबा.

पट्ट्यांचं कारण चौकटीचा आकार. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीपासून १९५३ पर्यंत हॉलिवूडची चौकट साधारण १.३७:१ (रुंदी:उंची) होती. १९५३ मध्ये ‘द रोब’बरोबर सिनेमास्कोप हे रुंद चित्राचं तंत्र आलं आणि पडदा रुंदावला. तुमचा टीव्ही १.७८:१ चा. त्यामुळे ‘कॅसाब्लांका’ (१९४२) लावला की रुंदीचा जवळजवळ पाव भाग काळा राहणार आणि २.३९:१ चा नवा सिनेमा लावला की उंचीचा पाव भाग. पट्ट्या घालवायला ‘झूम’ कधीही वापरू नका. जुन्या सिनेमात त्यानं डोकी आणि हात कापले जातात, ‘स्ट्रेच’नं सगळी पात्रं जाडी होतात.

प्रश्न: ‘सिटिझन केन’ अर्ध्यावर सोडला. जुने सिनेमे फार संथ वाटतात. सुरुवात कुठून करावी?

उत्तर: ‘सिटिझन केन’पासून (१९४१) करू नये, हे आमचं ठाम मत. त्याची किमया कळायला त्या काळचे चार साधे सिनेमे आधी डोळ्यांखालून जावे लागतात.

‘१२ अँग्री मेन’ (१९५७) घ्या. जेमतेम दीड तास, जवळजवळ सगळा एका खोलीत. कथा समजायला सोपी आहे, म्हणून कॅमेऱ्याकडे लक्ष द्यायला सवड मिळते. दिग्दर्शक सिडनी ल्यूमेट यांनी पहिला एक-तृतीयांश भाग नजरेच्या वरून, मधला नजरेच्या पातळीवर आणि शेवटचा खालून टिपला. सोबत लेन्स अधिकाधिक लांब पल्ल्याच्या होत गेल्या. मागची भिंत पात्रांच्या पाठीला येऊन भिडते, छत दिसू लागतं, खोली आकसते. अगदी शेवटी, इमारतीबाहेर, रुंद लेन्स येते आणि आपणही श्वास सोडतो. हे सगळं न कळताही जाणवतं, आणि कळल्यावर दुसऱ्यांदा पाहताना जास्तच आवडतं.

मग ‘डबल इन्डेम्निटी’ (१९४४), त्यानंतर ‘इट हॅपन्ड वन नाइट’ (१९३४). यातले संवाद इतके झरझर येतात की संथ हा शब्दच विसराल. आता ‘केन’कडे वळा. स्टुडिओतल्या सेटना सहसा छत नसे, दिवे वरून सोडलेले असत. ‘केन’मध्ये कापडाची छतं ताणून माइक त्यांच्या वर ठेवले, म्हणून कॅमेरा जमिनीलगत नेता आला. शिवाय छायाचित्रकार ग्रेग टोलंड यांनी अगदी जवळचा माणूस आणि खोलीच्या टोकाचा माणूस एकाच वेळी स्पष्ट ठेवले. कट कमी लागतात, कारण कुठे पाहायचं ते डोळा ठरवतो. हातात मोबाइल असला तर असा सिनेमा संथच वाटणार.

तुमच्या तक्रारीत तथ्यही आहे. सिनेमास्कोपच्या पहिल्या काही वर्षांतले भव्य पोशाखीपट खरोखरच जड आहेत. एवढ्या रुंद पडद्यावर भराभर कट केले तर प्रेक्षक गोंधळेल, अशी तेव्हा धास्ती होती.

प्रश्न: रंगीत केलेला ‘कॅसाब्लांका’ पाहावा का?

उत्तर: नाही. त्याची प्रकाशयोजना करड्या छटांसाठी केलेली आहे, वरून चढवलेला रंग तिला झाकतो. तीच प्रत हाती असेल तर टीव्हीचा ‘कलर’ शून्यावर आणा.

प्रश्न: ‘ब्लेड रनर’ची कुठली आवृत्ती पाहावी?

उत्तर: २००७ ची ‘फायनल कट’. नायक पहिल्यांदा दिसतो तेव्हा त्याच्या आवाजात निवेदन ऐकू आलं, तर तुमच्या हाती १९८२ ची चित्रगृहातली प्रत आहे. तिचा सुखान्तही मागून जोडलेला आहे. ‘टच ऑफ इव्हिल’ची (१९५८) मात्र १९९८ ची आवृत्तीच शोधा. स्टुडिओनं परस्पर संकलन बदलल्यावर दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी ५८ पानांचं टिपण लिहिलं होतं, त्याबरहुकूम संकलक वॉल्टर मर्च यांनी ती जुळवली. सुरुवातीच्या तीन मिनिटांहून लांब अखंड टेकवरची श्रेयनामावली आणि संगीत गेलं. रस्त्यावरून जाताना एकेका दारातून येणारी गाणी आता ऐकू येतात, आणि गाडीतल्या बॉम्बची धास्ती दुप्पट होते.

प्रश्न: नव्या सिनेमांतले संवाद ऐकू येत नाहीत. आवाज वाढवावा तर स्फोटानं घर हादरतं.

उत्तर: नव्या सिनेमाचं ध्वनिमिश्रण चित्रगृहासाठी होतं. कुजबुज आणि स्फोट यांत मोठं अंतर ठेवतात आणि संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरला देतात. टीव्हीला तो स्पीकर नसतो. आधी ऑडिओच्या यादीत ५.१ (सहा स्पीकरांसाठीचा आवाज) ऐवजी ‘स्टीरिओ’ निवडा. मग ‘नाइट मोड’ चालू करा, म्हणजे मोठे आवाज दाबले जातात. त्यानंतरही अडलं तर बास दोन-तीन घरं खाली आणा. साउंडबार घ्यायचाच असेल तर मधला वेगळा स्पीकर असलेला घ्या. ‘टेनेट’सारख्या (२०२०) सिनेमात मात्र आवाजाखाली दबलेले संवाद ही दिग्दर्शकाचीच निवड आहे. तिथे सबटायटल्स लावा.