स्पॅनिशमध्ये हवामानाबद्दल रोजच्या बोलण्यातली वाक्यं कशी शिकावीत?

शब्दांची यादी पाठ करण्याआधी क्रियापदं पक्की करा. 'हवा कशी आहे?' म्हणजे 'के तिएंपो आसे?' ऊन, थंडी, वारा, उकाडा यांच्यासाठी हेच 'आसे' चालतं: आसे कालोर (उकडतंय), आसे फ्रीओ (थंडी आहे), आसे बिएंतो (वारा आहे). (स्पेनच्या बहुतेक भागात यातला 'स' जीभ दातांत धरून, 'थ'च्या जवळ उच्चारतात.) आभाळ भरून आलं असेल तर 'एस्ता नुब्लादो', धुकं असेल तर 'आय निएब्ला'. पावसाला स्वतःचं क्रियापद आहे: 'युएबे'.

सगळ्यात महत्त्वाचं: स्वतःला थंडी वाजत असेल तर 'तेंगो फ्रीओ', उकडत असेल तर 'तेंगो कालोर'. इथे 'एस्तॉय कालिएंते' अजिबात म्हणू नका, त्याचा अर्थ कामुक होतो. चारचौघांत फार अवघड वाटतं.

मग गंमतीचे प्रकार घ्या. धो धो पावसाला 'युएबे आ कांतारोस', म्हणजे घडेच्या घडे ओतल्यासारखा. मे महिन्यात मुंबईत होते तशा दमट घुसमटीला 'बोचोर्नो'. हा शब्द मला फार आवडतो. उत्तर स्पेनमधल्या बास्क प्रदेशातल्या झिमझिम पावसाला 'सिरिमिरी' म्हणतात. आणि 'आस्ता एल क्वारेंता दे मायो, नो ते कितेस एल सायो' ही म्हण सांगते, मेच्या चाळीस तारखेपर्यंत, म्हणजे 9 जूनपर्यंत, अंगरखा काढू नका!

सरावासाठी रोज सकाळी खिडकीबाहेर बघून दोन वाक्यं मोठ्याने म्हणा. स्पेनच्या टीव्हीवरचा हवामान अंदाजही ऐका. तीच ती वाक्यं येत राहतात, त्यामुळे कान लवकर तयार होतो.