ऑस्ट्रेलियन क्राफ्ट बिअर: आधी शब्द लिहा, आकडा शेवटी

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेकीकडे तीन महिने मेलबर्नला येताय. पुण्यात २००९ साली डूलाली ही ब्रुअरी सुरू झाली तेव्हापासून क्राफ्ट बिअरची, म्हणजे छोट्या ब्रुअरीत बनणाऱ्या बिअरची, गोडी लागलीय, आणि वहीत नोंदी ठेवायची सवय आहे. अडचण अशी, की पाचपैकी गुण द्यायला बसलं की प्रत्येक बिअरला पावणेचार नाहीतर चारच पडतात, आणि वीस बिअर झाल्यावर वही उघडली तर कुठली कशी होती ते आठवत नाही. चाखायच्या यादीत काय असावं आणि परतताना काय न्यावं, हेही विचारलंय. मी चौदा वर्षं मेलबर्नच्या पश्चिम भागात राहतो, घरी बिअर बनवतो आणि घरगुती बिअरच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून बसतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही आकडा आधी लिहिता, तिथेच घोळ होतो. पहिल्या घोटाला मनात 'छान आहे, चार' असं येऊन गेलं की पुढे आपण फक्त त्या चाराची कारणं गोळा करतो. स्पर्धेच्या टेबलावर जी गुणपत्रिका मिळते ती ५० गुणांची असते. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात कशी लागते त्याला ५ आणि एकंदर परिणामाला १०. दिसण्याला फक्त ३, हे नीट बघा. आपण मात्र सुंदर पिवळी, ढगाळ बिअर आणि वर फेसाची टोपी बघितली की तिथेच निम्मे गुण देऊन मोकळे होतो. तुम्ही ही पत्रिका वापरायलाच हवी असं नाही, पण क्रम तोच ठेवा. ओतल्याबरोबर वास घ्या, कारण उडून जाणारे वास पहिल्या मिनिटातच जातात. मग रंग आणि फेस बघा, मग एक छोटा घोट घ्या आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडा. बिअरचे परीक्षक घोट थुंकत नाहीत ते याचसाठी, कारण गिळल्यानंतर घशातून नाकात जो वास येतो तो चवीचा मोठा भाग असतो. तीन ओळी लिहून झाल्या की आकडा.

आणि ओळी मराठीत लिहा. आपल्याकडे कडू आणि तुरट हे दोन वेगळे शब्द रोजच्या बोलण्यात आहेत, आणि बिअर चाखताना हा फरक फार कामाला येतो. कारल्याची किंवा मेथीची कडू चव जिभेवर स्वच्छ लागते आणि ओसरते. आवळा किंवा प्रमाणाबाहेर उकळलेला चहा जीभ आवळून धरतो. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, चांगला कडवटपणा पहिल्या जातीचा असतो. दुसरी जात जाणवली तर कुठेतरी हात जास्त झालाय, असं समजा. दोषांनाही स्वयंपाकघरातलीच नावं द्या. उकडलेल्या मक्याचा वास, थिएटरातल्या पॉपकॉर्नवरच्या लोण्याचा वास, कच्च्या सफरचंदाची साल, भिजलेला पुठ्ठा. या चारही वासांची कारणं ठरलेली आहेत. मक्याचा वास माल्टमधून, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातून, येतो आणि उकळी नीट झाली नाही की मागे राहतो. लोणी आणि सफरचंद हे यीस्टचं काम पुरं होण्याआधीच बिअर थंड केल्याचं लक्षण असतं. पुठ्ठा म्हणजे बिअर शिळी. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरमध्ये पिकलेलं केळं आणि लवंग येते, तिथे मात्र तो गुण आहे. तोच लवंगेचा वास साध्या पेल एलमध्ये, म्हणजे फिकट रंगाच्या रोजच्या बिअरमध्ये, आला तर दोष.

म्हणजे बिअर कोणत्या घराण्याची आहे ते आधी बघायला हवं. ऑस्ट्रेलियात याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे ॲडलेडची कूपर्स. थॉमस कूपरने १८६२ मध्ये सुरू केलेली ही ब्रुअरी अजून त्याच कुटुंबाची आहे. २००५ मध्ये लायन या मोठ्या कंपनीने ती विकत घ्यायचा जोर लावला होता, पण भागधारकांनी नाही म्हटलं. हिरव्या लेबलची पेल एल ४.५ टक्के, लाल लेबलची स्पार्कलिंग एल ५.८ टक्के. दोन्ही बाटलीतच पुन्हा आंबतात, त्यामुळे तळाला यीस्टचा गाळ असतो. पबमधला माणूस बाटली उघडण्याआधी आडवी धरून हळूच लोळवतो, तो गाळ सगळीकडे पसरावा म्हणून.

तुम्ही घरी एक गंमत करून बघा. लाल लेबलची बाटली दोन दिवस फ्रिजमध्ये उभी ठेवा. एका ग्लासात अलगद, बाटली न हलवता, वरचा स्वच्छ भाग ओता. उरलेला तिसरा हिस्सा बाटलीतच गोल फिरवा आणि दुसऱ्या ग्लासात ओता. पहिल्यात पेर या फळाचा वास, पुसटसं केळं आणि कोरडा, स्वच्छ शेवट. दुसरा ग्लास ताकासारखा धुरकट दिसेल, आणि बेकरीत पहाटे मळलेल्या कणकेचा वास येईल, कडवटपणा जरा गोलाईने लागेल. एकाच बाटलीतून निघालेल्या या दोन बिअर. हॉप्स आहेत प्राइड ऑफ रिंगवूड. मेलबर्नच्या पूर्वेकडच्या रिंगवूड उपनगरात तयार झालेली ही जात साठच्या दशकात पसरली आणि पुढची कित्येक दशकं या देशाची बिअर तिच्यावर चालली. तिच्यात आंबा-अननस शोधायला जाऊ नका. ती मातकट आहे, थेट कडू आहे. ज्यांची जीभ आजच्या रसाळ आयपीएवर, म्हणजे भरपूर हॉप्स घातलेल्या बिअरवर, तयार झाली ते या बिअरला तीन देऊन पुढे जातात, आणि मला याचं खरोखर वाईट वाटतं. बिअर परीक्षकांच्या २०२१ च्या नियमावलीत ऑस्ट्रेलियन स्पार्कलिंग एल ही स्वतंत्र शैली आहे. त्या मापाने मोजली तर मी तिला ५० पैकी ४३-४४ देतो, दरवेळी.

आता दुसरं टोक. गॅलेक्सी नावाचे हॉप्स २००९ पासून विक्रीला आले आणि ऑस्ट्रेलियन क्राफ्टचा वासच बदलला. पॅशनफ्रूट आणि पीच. लेकीच्या शेजारपाजारी कुणाच्या तरी कुंपणावर पॅशनफ्रूटचा वेल नक्की असेल. फळ आणा, कापा, चमच्याने गर हलवा आणि वास घ्या. मग लगेच स्टोन अँड वूडची पॅसिफिक एल उघडा. बायरन बेमध्ये २००८ साली सुरू झालेली ही ब्रुअरी, बिअर ४.४ टक्के, ढगाळ, थोडा गहू घातलेली. हॉप्स गॅलेक्सीच, आणि ते शेवटी शेवटी पडतात, त्यामुळे कडवटपणा जवळजवळ नाही, वास मात्र भरपूर. एकदा फळाशी ताडून बघितलंत की पुढे कुठल्याही ग्लासात गॅलेक्सी ओळखाल. गॅलेक्सी घालताना हात सढळ झाला की काय होतं तेही शिकाल. घशाला चुरचुर आणि तो आवळ्यासारखा तुरटपणा.

चव आणि गुण यांच्यात सगळ्यात मोठी ढवळाढवळ वय करतं, आणि नोंदीत तेच कुणी लिहीत नाही. मेलबर्नला येऊन तिसरं वर्ष होतं. एका दुकानातून एका छोट्या ब्रुअरीची पेल एल आणली. वहीत लिहिलं, 'मधासारखी गोड, भिजलेला पुठ्ठा, हॉप्स कुठेच नाहीत', आणि दिले पावणेतीन. चार महिन्यांनी त्याच ब्रुअरीच्या काउंटरवर तीच बिअर टॅपवरून घेतली. संत्र्याची साल, पाइनचा चीक, कोरडी आणि लख्ख. मी तिथेच वही उघडली आणि आधीची नोंद वाचली. सुदैवाने कॅनचा फोटो काढून ठेवला होता. तळावरची तारीख आठ महिने जुनी होती, आणि तो कॅन दुकानात काचेजवळच्या रॅकवर, फ्रिजच्या बाहेर ठेवलेला होता. एका मेहनती माणसाच्या बिअरला मी चुकीचे गुण दिले होते, आणि ते खोडून पुन्हा लिहायला मला बरंच काही वाटलं. तेव्हापासून मी चाखण्याआधी तारीख लिहितो. कॅनवर भरल्याची तारीख असेल तर उत्तमच. फक्त 'अमुक तारखेपर्यंत उत्तम' असेल तर ती बहुतेकदा ९ ते १२ महिने पुढची असते, त्यावरून मागे मोजा. हॉप्सवाली बिअर दोन महिन्यांच्या आतली घ्या आणि दुकानाच्या फ्रिजमधलीच घ्या.

तापमानाचंही तसंच. इथल्या पबमध्ये बिअर इतकी गार मिळते की नाकाला काही कळत नाही. ग्लास तळव्यात धरून पाच-सात मिनिटं थांबा. स्टाउट, म्हणजे काळी, भाजक्या चवीची बिअर, असेल तर दहा-पंधरा मिनिटं.

ग्लासांची नावं मात्र गोंधळात पाडतील. मेलबर्नमध्ये २८५ मिलीच्या ग्लासला पॉट म्हणतात, तोच सिडनीत मिडी. सिडनीतला स्कूनर ४२५ चा, ॲडलेडमधला स्कूनर २८५ चा, आणि ॲडलेडमध्ये पाइंट मागितलात तर ४२५ मिळेल. ब्रुअरीत गेलात तर पॅडल मागा, लाकडी फळीवर चार-पाच छोटे ग्लास येतात. एका बैठकीत चारच्या वर नोंदी करू नका, पाचव्यापासून जीभ थकते आणि गुण वर सरकतात. प्रत्येक कॅनवर किती 'स्टँडर्ड ड्रिंक' आहेत ते छापलेलं असतं, एक म्हणजे १० ग्रॅम अल्कोहोल. गाडी चालवताना रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा ०.०५ टक्के आहे आणि पोलिसांची तपासणी कुठेही होते, त्यामुळे ट्रेननेच जा.

यादीबद्दल. कूपर्सच्या दोन्ही आणि पॅसिफिक एल वर आल्याच. फ्रीमँटलच्या लिटल क्रीचर्सची पेल एल घ्या. २००० साली आलेल्या या बिअरने अमेरिकन कॅस्केड हॉप्सची चव इथल्या लोकांना लावली. गॅलेक्सीच्या शेजारी ठेवून चाखा, ग्रेपफ्रूटची साल आणि पॅशनफ्रूट यांतला फरक लगेच कळेल. कॅनबेराच्या बेंटस्पोकची क्रँकशाफ्ट आणि ब्लू माउंटन्समधल्या कटूंबाच्या माउंटन कल्चरची स्टेटस क्वो या दोन्ही लोकांच्या मतांवर ठरणाऱ्या 'हॉटेस्ट १००' यादीत पहिल्या आलेल्या. ती यादी लोकप्रियतेची आहे, हे लक्षात ठेवून वाचा. मेलबर्नलाच होणाऱ्या आंतरराष्ट्रीय बिअर पुरस्कारांत परीक्षकांना नाव न सांगता ग्लास दिले जातात, आणि त्या निकालांवर माझा जास्त विश्वास आहे. मेलबर्नच्या फुट्सक्रे उपनगरात हॉप नेशन ही ब्रुअरी आहे, दोन वाइन बनवणाऱ्यांनी सुरू केलेली. एक दिवस काढून बीचवर्थ गावाला ब्रिज रोड या ब्रुअरीत जा. सिडनीला जाणार असाल तर मॅरिकव्हिलच्या वाइल्डफ्लॉवर या ब्रुअरीत जा. तिथे न्यू साउथ वेल्समधल्या रानफुलांवरून मिळवलेलं यीस्ट वापरतात. त्यांची बिअर आंबट, पण कोकमासारखी सावकाश उलगडणारी आंबट. कुठे लेमन मर्टल या इथल्या झाडाची पानं घातलेली बिअर दिसली तर सोडू नका, त्या पानातला आणि आपल्या गवती चहातला मुख्य सुवास एकच आहे. पहिल्या वासालाच तुम्हाला घरचा चहा आठवेल.

मालकी बदलली म्हणून गुण कापावेत का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही, पण इथे कुणीतरी विचारेलच. लिटल क्रीचर्स २०१२ मध्ये लायनकडे गेली, माउंटन गोट २०१५ मध्ये असाहीकडे, बाल्टर २०१९ मध्ये मोठ्या कंपनीकडे, स्टोन अँड वूड २०२१ मध्ये लायनकडे. मी ग्लासात जे आहे त्यालाच गुण देतो. पैसे मात्र स्वतंत्र ब्रुअरीवर खर्च करतो. २०१८ पासून अशा ब्रुअऱ्या कॅनवर स्वतंत्र असल्याचा शिक्का लावतात, तो बघा.

जावयाला एक काम सांगा. तुमच्या नकळत तीन ग्लास भरायचे, दोनांत कूपर्सची हिरवी, एकात लाल, किंवा उलट. वेगळा ग्लास कोणता ते ओळखायचं. आठवड्यातून एकदा हे करा. महिन्याभरात तुमचे पावणेचार आणि चार आपोआप फुटतील, दोनही पडतील आणि साडेचारही.

परतताना भारतात माणशी २ लिटर मद्य शुल्काशिवाय नेता येतं. ३७५ मिलीचे पाच कॅन किंवा बाटल्या म्हणजे १.८७५ लिटर, बरोबर बसतात. चेक-इन बॅगेत, प्रत्येक बाटली जाड मोज्यात घालून कपड्यांच्या मधोमध. ढगाळ आयपीए नेऊ नका, त्या इथेच ताज्या प्या. कूपर्सची ७.५ टक्क्यांची व्हिंटेज एल दोन न्या, ती साठवण्यासाठीच बनवतात. एक आल्या आल्या उघडा, दुसरी कपाटात अंधारात ठेवा आणि दोन वर्षांनी उघडा. दोन त्यांच्याच बेस्ट एक्स्ट्रा स्टाउटच्या, ६.३ टक्के. पाचवी जागा वाइल्डफ्लॉवरसाठी ठेवली असती, पण त्यांची मोठी बाटली २ लिटरच्या हिशोबात बसायची नाही, म्हणून लाल लेबलची एक स्पार्कलिंग न्या आणि पुण्यात मित्रांसमोर उघडण्याआधी टेबलावर लोळवून दाखवा.